दालचिनीची जुडी

पाइपाच्या कोपऱ्यावरचं झाकण निघालं तशी तळमजल्यावरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. वास आधी आला, घाण नंतर. आंबलेलं दूध, जुनं तेल, कपड्यांच्या साबणाचं पाणी आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी गोडसर. मग तपकिरी गाळ बुडबुड करत झाकणाच्या कडेवरून उतरला आणि फरशीवर पसरला. त्यात केसांचे गुंतवळे होते, भाताची शितं होती आणि एका बाळमोज्याचा अर्धा तुकडा होता.

"काय आहे हो हे?" बाई रुमालातून म्हणाल्या. "बघवत नाही."

"तुम्ही बघू नका," लंबू म्हणाला. "आम्हाला बघायचाच पगार मिळतो."

लंबू तुंबलेल्या पाइपात तार सोडणारा. त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून पाइपात हात घालणाऱ्या माणसाला डेपोत सगळे साबण्या म्हणत. शहरातली तुंबलेली गटारं मोकळी करण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. निवृत्ती आता समोर दिसत होती. काम संपल्यावर बाकीचे लोक हात धुऊन कपडे बदलून बाहेर पडत, तेव्हा हा अजून नळाखाली असे. नखं, बोटांच्या बेचक्या, कोपर, मग पुन्हा नखं. एकदा कुणीतरी म्हणालं, हा साबण लावत नाही, साबण याला लावतो. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. त्याचं खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई.

घाणीची त्याला शिसारी नव्हती. नाक पहिल्यांदा बोंबलतं, मग गप्प बसतं, असं तो नव्या माणसांना सांगे. हात धुणं हा वेगळा भाग होता. ते तो स्वतःसाठी करत नसे. घरच्यांसाठी करत असे.

या इमारतीत मात्र त्याला यायचं नव्हतं. हा भाग दुसऱ्या जोडीचा होता. त्यांची तार तुटली, म्हणून डेपोतून यांना पाठवलं. गाडी गल्लीत वळली तेव्हाच त्याने टोपी कपाळावर ओढली आणि तोंडावरची पट्टी डोळ्यांपर्यंत चढवली. तिसऱ्या मजल्यावर त्याची मुलगी राहत होती.

याआधी पाहुणा म्हणून तो इथे आला होता. नातीच्या वाढदिवसाला, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या दाराने, लिफ्टने. मुलीने सासरी सांगितलं होतं की वडील पाणीखात्यात आहेत. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पाणी जिथून येतं तिथे नसून जिथे जातं तिथे होते, एवढाच फरक. त्याने तो फरक कुणाला समजावून सांगितला नाही. व्याह्यांनी एकदा जेवताना विचारलं, यंदा धरणात साठा कसा आहे हो? तो म्हणाला, बरा आहे.

पुढून ही इमारत क्रीम रंगाची होती. दारात कुंड्या होत्या. मागून तिची आतडी दिसत. वरपासून खालपर्यंत काळपट पाइप, त्यांना फुटलेले फाटे, गळणारे सांधे. प्रत्येक मजल्याची धुण्याची मोरी याच बाजूला होती आणि सगळ्या मोऱ्यांचं पाणी एकाच उभ्या पाइपाने खाली येऊन कोपऱ्यावर वळत होतं. बसवणाऱ्याने तिथला सांधा नीट जुळवला नव्हता. आत एक धार राहिली होती. वरून आलेलं काहीही त्या धारेला अडकणार, त्यावर तेल बसणार, तेलावर आणखी काही बसणार. तळमजल्यावरच्या बाईंच्या मोरीतून दोन दिवस ते सगळं उलटं वर येत होतं.

"तार पुढे जात नाही," लंबू म्हणाला. "फिरतेय नुसती. लोण्यात फिरल्यासारखी."

साबण्याने तार बाहेर घ्यायला सांगितली. टोकाला मऊ, चिकट, तपकिरी लगदा आला. त्याने तो बोटांत चोळून पाहिला. नुसतं तेल असं नसतं. तेल मेणासारखं होतं. हे खळीसारखं होतं, कपड्याला देतात तसं.

त्याने लांब हातमोजा चढवला, दंडापर्यंत हात आत घातला आणि हाताला लागलेला गोळा ओढून काढला. नारळाएवढा गोळा. वरून बुळबुळीत, राखाडी, केसांनी मढवलेला. त्याने तो फरशीवर ठेवून पान्याने फोडला. आतून कोरडी पूड सांडली. हलकी, लालसर तपकिरी, कालच चाळल्यासारखी.

एवढ्या घाणीत तिचा वास स्वच्छ उठला. कोको.

त्याने पुन्हा हात घातला. दुसरा लगदा आला, त्यात बोटाएवढ्या दोन काड्या होत्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. दोरा तेलात मुरून पिवळा पडला होता, म्हणून कुजला नव्हता. गाठ दुहेरी होती आणि तिचं शेपूट आत वळवून घेतलेलं होतं. डेपोत सळयांचा भारा बांधताना मारतात ती गाठ. ती स्वयंपाकघरात कुणी मारत नाही. एक घर सोडून.

दर वर्षी थंडीच्या तोंडाशी तो घरी कोकोचं मिश्रण करायचा. कोको पावडर, पिठीसाखर, दुधाची पावडर, जरासं कॉर्नफ्लॉवर म्हणजे दाटपणा येतो, आणि चिमूटभर मीठ. बायकोने त्यात हात घातलेला त्याला चालत नसे. आदल्या दिवशी तो नखं मुळापर्यंत कापी. सकाळी उठून तीनदा हात धुई, ब्रशने, लिंबाने, मग नुसत्या गरम पाण्याने. बायको म्हणायची, ऑपरेशन करताय की कोको करताय? स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर परात ठेवून तो सगळं दोनदा चाळी आणि चार बरण्या भरी. एक घरात, एक भावाकडे, एक दूर नोकरीला असलेल्या मुलाकडे आणि एक मुलीकडे. प्रत्येक बरणीत दालचिनीची एक जुडी उभी खोचलेली.

ती जुडी मुलीमुळे सुरू झाली. लहान असताना दालचिनीचा तुकडा दाताखाली आला की ती थू थू करायची, मग कप तसाच राहायचा. वास तर हवा, पण तुकडा नको. तेव्हा त्याने काड्या बांधून टाकायला सुरुवात केली. दोरा धरून अलगद उचलायची, चिनीबाई निघाल्या फिरायला, असं म्हणत. ती हसायची आणि प्यायची.

आणि रिवाज असा की पुढच्या थंडीत बरणी रिकामी परत यायची. भावाची बरणी येई ती तळाशी खडे झालेली, झाकण चिकटलेली. मुलाची येतच नसे, त्याला नवी द्यावी लागे. मुलीची मात्र लखलखीत घासून, पुसून, आतून उन्हात वाळवून. ती बरणी हातात घेऊन तो बायकोला म्हणायचा, बघ, चाटूनपुसून खाल्लंय. या वर्षी मुलगी चार दिवसांपूर्वीच बरणी ठेवून गेली होती.

त्याने पाइपात हात घालणं थांबवलं नाही. थांबवायला कारण नव्हतं, काम अर्धं होतं. दुसरी जुडी आली. मग आणखी एक, साल सुटलेली, काळी पडलेली. एक असती तर म्हणता आलं असतं, बरणी हातातून पडली, काहीतरी झालं. पण मुलीच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली होती तेवढ्या जुड्या त्या सांध्याला अडकून बसल्या होत्या. वरची ताजी, खालची जुनी. मधे दुसऱ्यांच्या घरातलं तेल, दुसऱ्यांचे केस.

ओकारी आली. पट्टी खाली ओढायला एक हात मोकळा हवा होता, तो नव्हता. खांद्याने पट्टी खाली ढकलत तो कसाबसा वळला आणि भिंतीच्या कडेला ओकला.

लंबूने तार खाली ठेवली. "साबण्या? अरे, तू मेलेल्या घुशीच्या शेजारी बसून डबा खाल्लायस."

"पित्त झालंय."

"आज झालं का पित्त," लंबू म्हणाला. तो पुढे काही बोलणार होता, पण फरशीवर ओळीने ठेवलेल्या जुड्यांकडे त्याचं लक्ष गेलं. तो वाकला. एका जुडीची गाठ त्याने पान्याच्या टोकाने इकडची तिकडे केली. मग सरळ उभा राहिला आणि तारेचं टोक पुसायला लागला.

तेवढ्यात इमारतीचा मॅनेजर आला. पांढरे बूट घातलेला माणूस. तो गाळापासून बराच लांब थांबला आणि तिथूनच विचारू लागला की हे नेमकं काय आहे, कुठून आलं, कुणी टाकलं. टाकणाऱ्याचं नाव कळलं तर तो दारातल्या फलकावर लावणार होता, म्हणजे चार लोकांत लाज वाटेल. तळमजल्यावरच्या बाईंचा संशय पाचव्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पोरांवर होता. ती रात्री-अपरात्री काहीही करून पितात, म्हणाल्या. मॅनेजरला ते पटलं. दुसऱ्यावर म्हातारं जोडपं आहे, चौथा बंद आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर इतक्या टापटिपीच्या की जिन्यावर कागदाचा कपटा दिसला तरी खाली निरोप पाठवतात.

"तुम्हाला कळत असेल ना," मॅनेजर साबण्याला म्हणाला. "कुठल्या मजल्यावरून आलंय ते?"

साबण्याने तोंडावरची पट्टी नीट केली. खाली मान घालून तो जुड्या गोळा करत होता, एकेक करून, आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकत होता.

"एकाचं नाही हे," तो म्हणाला. "सगळ्यांचंच तेल. साचत आलंय."

"पण ही पूड?"

"साबणाची पावडर असते. ओली होऊन अशी होते."

"तपकिरी?"

"पाइप गंजलाय."

मॅनेजरने मान डोलावली. पाइप काळ्या प्लास्टिकचा होता.

बाईंनी दोन कागदी कपांत चहा आणून कठड्यावर ठेवला आणि हात लागायच्या आत त्या घरात गेल्या. लंबूने आपला कप उचलला. साबण्याने उचलला नाही. पाइप मोकळा करून गाडीत बसल्यावर लंबूने चावी फिरवायच्या आधी समोर बघत म्हटलं, "तुझी गाठ होती ती."

"हं."

"मी बोललो नाही काही."

"ऐकलं मी."

डेपोत त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडला. हात धुऊन झाल्यावर त्याने ते नाकाशी नेले. नेहमी साबणाचा वास येई. आज त्याला कोकोचा आला. त्याने पुन्हा धुतले. पुन्हा तोच. तेव्हा त्याने नाद सोडला.

घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर चार बरण्या मांडलेल्या होत्या. तीन भरलेल्या, चौथी अर्धी. मुलीची बरणी तो नेहमी शेवटी भरायचा, कारण दोनदा चाळल्यावर सगळ्यात बारीक पूड परातीच्या तळाशी शेवटी उरते. परातीत ती पूड फडक्याखाली झाकलेली होती. त्याने फडकं उचललं आणि लगेच सोडून दिलं. बायकोने विचारलं काय झालं. तो म्हणाला, खिडकी उघड. तिने उघडली. तो म्हणाला, परात बाहेर ठेव. तिने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली की बाहेर ठेवली तर मुंग्या लागतील, आणि एवढी साखर काय मुंग्यांसाठी आणली का.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नुसता भात खाल्ला, तोही कोरडा. आमटीकडे पाहिलं की त्याला पाइपाचं तोंड आठवे. चहाचा तपकिरी रंग बघवत नसे. इतकी वर्षं गटारात उतरून जे झालं नव्हतं ते आता स्वतःच्या ताटासमोर बसून होत होतं. बायकोने डॉक्टरचा विषय काढला, तेव्हा त्याने तिला सांगितलं. फार थोडक्यात, कामाचा अहवाल द्यावा तसं. कुठे, काय निघालं, किती जुनं.

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली. मग तिचं तोंड सुटलं. ज्या पोरीसाठी माणूस हाताची साल जाईस्तोवर धुतो तिने हे असं गटारात ओतावं, वर बरणी घासून परत आणून द्यावी, आणि आपण इथे बरणी बघून खूश व्हावं. स्वतःला लाज वाटते म्हणून तिने वडिलांचं खातं बदललं ते आपण गिळलं. आता हेही गिळायचं? ती आत्ताच्या आत्ता फोन करणार होती. त्याने फोन उचलू दिला नाही.

"रविवारी येणार आहे ना ती बरणी न्यायला," तो म्हणाला. "तू काही बोलायचं नाहीस."

"मग तुम्ही बोला."

"बघू."

"बघू काय? देणार आहात का भरून पुन्हा?"

बरणी भरून दिली तर पूड पुन्हा त्याच सांध्यात येऊन बसणार. नाही दिली तर मुलगी विचारणार, का? आणि मग जे आजवर दोघंही बोलले नव्हते ते सगळं बोलावं लागणार. त्यानंतर ती या घरी कशाला येईल? एरवी तरी कशाला येत होती? बरणी आणायला आणि बरणी न्यायला.

रविवारी दुपारी मुलगी आली. नात आली नव्हती, तिचा नाचाचा वर्ग होता. मुलीने नवा कोट घातला होता. तो तिने खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवला, भिंतीला लागणार नाही असा. आईने पाणी दिलं आणि पिशवी घेऊन ती दूध आणायला गेली. घरात दूध होतं.

मुलीने फळीकडे पाहिलं. "बाबा, आमची बरणी अर्धीच? यंदा पावडर महागली की काय?"

ती हसत होती. तो स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर.

"परवा तुमच्याकडे आलो होतो," तो म्हणाला. "मागच्या बाजूला. मोऱ्यांचा पाइप तुंबला होता."

हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागे कुणी नव्हतं. तिने खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"मॅनेजरला सांगितलंत?" तिने विचारलं.

त्याला जे काही वाटायचं होतं ते या एका प्रश्नाने वाटलं. पाइपापाशी आलेली मळमळ यापुढे काहीच नव्हती. ही माझी मुलगी, त्याच्या मनात आलं, आणि हिला पहिलं हे विचारावंसं वाटलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तोंड कोरडं पडलं होतं तिचं. लहानपणी कपबशी फोडल्यावर पडायचं तसं.

"नाही," तो म्हणाला. "गंज आहे म्हटलं."

तिने खुर्चीवरच्या कोटाची घडी पुन्हा सारखी केली.

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला, नव्या माणसाला समजावताना बोलायचा त्या आवाजात. "टाकायचंच असेल तर कोरडं टाकायचं. कागदात बांधून, कचऱ्यात. पाण्यात टाकायचं नाही. गरम पाण्यात तर अजिबात नाही. त्यात कॉर्नफ्लॉवर असतं, त्याची खळ होते. वरून पाणी जातं आणि आत दगड होतो."

"कचऱ्यात टाकलं असतं तर सासूबाईंना दिसलं असतं," ती म्हणाली. "त्या विचारतात. का टाकलं, माहेरचं का टाकलं. काय सांगणार होते मी?"

"म्हणून मोरीत."

"जाळी उचलून. कुणी घरात नसताना." ती खुर्चीत बसली. कोट पाठीमागे चुरगळला, तिच्या लक्षात आलं नाही. "तुम्हाला वाटतंय मला लाज वाटते. लाज वाटते, ते खरंय. पण हे लाजेमुळे नाही. मला वास येतो, बाबा. झाकण उघडलं की येतो. मला माहितीये तो त्यात नाहीये. पहिल्या वर्षी मी केला होता, सगळ्यांसाठी, चांगल्या कपांतून. घोट घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले. मग कुणालाच दिला नाही. सांगितलं, दूध नासलं."

"लहानपणी आवडायचा तुला."

तिने मान हलवली.

"मी शाळेतून लवकर सुटले होते एकदा. तुम्ही रस्त्यात होतात. चेंबरमधून वर आलात, छातीपर्यंत भरलेले. मला बघून हसलात, हात केलात. हात सगळा तसा. माझ्याबरोबर मैत्रिणी होत्या. त्याच संध्याकाळी तुम्ही कोको केलात."

"धुतले होते मी."

"माहितीये. आम्ही दाराबाहेर उभे होतो, तुम्ही किती वेळ धूत होता. मी मोजत होते." तिचा आवाज खाली गेला. "त्यानंतर मी श्वास धरून प्यायचे. लग्न होईपर्यंत. दोरा धरून तुम्ही ते म्हणायचात ना, चिनीबाई, तेव्हा मी हसून घ्यायचे. कारण हसताना श्वास बाहेर जातो. मग एकदम गटागटा."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत गेलं, तेवढा वेळ दोघं त्याच आवाजाकडे लक्ष देऊन बसली.

"परवा मलाही आली," तो म्हणाला.

"काय?"

"ओकारी. पाइपापाशी. पहिल्यांदाच. लंबूने टोमणा मारला." त्याने गुडघ्यांवरचे हात उलटे करून तळव्यांकडे पाहिलं. तळवे पांढरे, सुरकुतलेले होते, सतत पाण्यात असणाऱ्या माणसाचे. "तेव्हापासून मलाही बघवत नाही ते. त्यामुळे तुला काय होतं ते कळलं मला. आधी नसतं कळलं."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, आता काय करायचं. तिच्या मुलीने शाळेत कुणाकडे तरी प्यायला होता आणि ती आठवडाभर मागे लागली होती, आजोबांचा कोको कुठाय म्हणून. यंदा तो कुठे गेला हे मुलीला सांगायला तिला काही सुचलं नव्हतं.

तो म्हणाला, "हात धुऊन ये."

"मी?"

"मग कोण? मी नाही हात लावणार."

तिने हात धुतले. त्याने बघितलं आणि म्हणाला, पुन्हा, नखं राहिली. तिने पुन्हा धुतले. परातीतली आणि बरणीतली जुनी पूड त्याने तिला वर्तमानपत्रात बांधायला लावली, कोरडीच, आणि डब्यात टाकायला लावली. मग स्टूल त्याने दाराजवळ ओढून घेतलं, ओट्यापासून लांब, आणि तिथून सांगायला लागला. कोको दोन वाट्या. सपाट, शिगोशीग नाही. साखर कोकोइतकीच, जराशी जास्त. दुधाची पावडर दुप्पट. कॉर्नफ्लॉवर दोन चमचे. मीठ एवढं, म्हणून त्याने दोन बोटं हवेत चिमटीसारखी धरली आणि लगेच खाली घेतली.

"चाळणी आपटू नकोस. हलव नुसती. मनगटाने. आपटली की खडे खाली जातात."

"उडतंय, बाबा."

"उडणारच. श्वास धर जरा."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता. तो हे मुद्दाम म्हणाला की सहज, हे तिला समजलं नाही. ती चाळत राहिली. तिच्या बाहीवर, केसांवर, नाकाच्या शेंड्यावर तपकिरी पूड बसली. बाहेरून आलेल्या आईने दारात थांबून हे पाहिलं, दुधाची पिशवी खाली ठेवली आणि मुलीचा कोट उचलून खुंटीवर टांगला.

बरणी भरली. त्याने डब्यातून दालचिनीच्या दोन काड्या घ्यायला सांगितल्या, एका लांबीच्या. दोऱ्याचा रीळ खणात होता. मुलीने दोरा दोन वेळा गुंडाळला आणि तिथे अडली. गाठ बसेना. काड्या एकमेकींवरून सटकत होत्या. तिने दाताने दोरा ओढून पाहिला, मग हसली, मग थांबली.

"ही नाही येत मला," ती म्हणाली. जुडी तळहातावर घेऊन ती स्टुलापर्यंत आली आणि हात पुढे केला. "तुम्हीच बांधा."

त्याने जुडीकडे पाहिलं. मग हातांकडे. हात त्याने गुडघ्यांवरच ठेवले.

"साधी मार," तो म्हणाला. "सुटली तरी चालेल."

तिने साधी गाठ मारली आणि जुडी बरणीत खोचली. ती वाकडी उभी राहिली. झाकण लावून, बरणी पिशवीत घालून ती निघाली. जाताना म्हणाली की रात्री पोरीला करून देईन आणि फोन करेन. तो म्हणाला, सावकाश जा, पिशवी सरळ धर.

दार लागलं. बायको ओटा पुसायला लागली. पुसताना तिच्या लक्षात आलं की मागे नळ चालू आहे. तिने वळून पाहिलं. तो बेसिनपाशी उभा होता, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि ब्रशने नखं घासत होता.

"कशाला धुताय?" ती म्हणाली. "कशाला हात तरी लावलात का आज?"

तो म्हणाला, नाही, आणि दुसऱ्या हाताला साबण लावला.